असुंताच्या शेगडीमागची भिंत

उत्तरेची भिंत

नुन्झिओ फाल्वो यांच्या तळघरात मी सोमवारी सकाळी काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन उतरवलं. भिंतीलगतची हातभर फरशी फोडायची, चर खणायचा, खडीत भोकांचा पाइप टाकायचा, पाणी कोपऱ्यातल्या खड्ड्यात न्यायचं आणि पंपाने बाहेर फेकायचं. बर्फ वितळला की आमच्या यंगस्टाउन शहरातल्या अर्ध्या तळघरांत मला हेच काम.

"बर्नीस पोरी, भिंती कोरड्या आहेत. पाणी फरशीतून येतं," म्हातारा म्हणाला. "दर ईस्टरला मी स्वतः वॉटरप्रूफ रंग मारतो. एक वर्ष चुकवलं नाही."

भिंत पांढरीशुभ्र होती. आत साठलेलं पाणी चरात उतरावं म्हणून मी सिमेंटच्या अगदी खालच्या पोकळ ब्लॉकला ड्रिलने भोक पाडलं. धार थेट माझ्या बुटांवर.

"रंगाने पाणी थांबत नाही, मिस्टर फाल्वो. आत कोंडून राहतं."

"तुम्हा पोलिश लोकांना सिमेंटातलं काय कळतंय," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

पूर्वेची

धार. आधीपेक्षा जाड.

पश्चिमेची (इथे आम्ही जेवायला थांबलो)

पाव, तेलातल्या मिरच्या.

"मिरच्या दुकानातल्या आहेत. नाक मुरडू नकोस."

"मी कुठे काय म्हटलं?"

"असुंता असती तर बरण्या भरून दिल्या असत्या." असुंता म्हणजे त्यांची बायको, याच फेब्रुवारीत वारली. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायचं, खरा स्वयंपाक खाली तळघरात, ही या गल्लीतल्या सगळ्या इटालियन घरांची रीत. तिची शेगडी दक्षिणेच्या भिंतीला होती.

"चार वर्षं तिने इथे काही शिजवलं नाही," ते म्हणाले. "मीच बोललो होतो. म्हटलं, तुझ्या पातेल्यांच्या वाफेने घर सडतंय. ती म्हणायची, पाणी भिंतीतच आहे. मी म्हटलं, भिंती मी रंगवतो, मला शिकवू नकोस."

"मग?"

"मग ती वर सूप गरम करून प्यायची. मी इथे खाली एकटाच, असेच पाव-मिरच्या खायचो."

दक्षिणेची

"ही राहू दे," ते म्हणाले.

"तीन भिंती करून उपयोग नाही. पाणी इथून शिरेल."

"ही कोरडी असेल. निदान ही."

मी मशीन बंद केलं.  ते उठले, गॅसचा कॉक बंद केला आणि शेगडी एकट्यानेच ओढून बाजूला केली. मला हात लावू दिला नाही.

मी भोक पाडलं. नुसती धूळ पडली.

"बघ! कोरडी!" त्यांचा चेहरा उजळला. "वाफच होती! मी सांगत नव्हतो?"

मला गप्प बसता आलं असतं. पण चर तर इथेही लागणार होता.

"ड्रिल ब्लॉकच्या दोन पोकळ्यांमधल्या सिमेंटच्या पडद्यात गेलंय," मी म्हटलं. "चार बोटं डावीकडे घ्यायला हवं."

त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

त्यांनी चार बोटं डावीकडे ड्रिल टेकवून दाबलं. पाणी आलं ते तांबूस, जोरात. बाही कोपरापर्यंत भिजली, तरी ते जागचे हलले नाहीत. मान वर करून, जेवायला हाक मारावी तसे छताकडे ओरडले,

"असुंता! भिंतच होती गं!"

मी धारेखालची भरलेली बादली ओढून घेतली आणि तिथे दुसरी लावली.