थोरल्या सुनेची गाडी

शनिवारची सकाळ होती. टेक्सासमधल्या प्लेनोतल्या त्या ऐसपैस घरात डायनिंग टेबलावरच्या पोह्यांच्या डिशा बाजूला सारून मधोमध दोन माहितीपत्रकं पसरली होती. एकावर काळी, लांबलचक सेडान, दुसऱ्यावर पांढरी, उंच एसयूव्ही. दोन्ही गाड्या अशा की सिग्नलला शेजारी येऊन थांबल्या तर माणसाने काच खाली करून बघावं. धाकट्या मुलाचं, संग्रामचं, लग्न ठरलं होतं आणि यांतली एक गाडी मुलीचे वडील देणार होते. कुठली, एवढंच ठरायचं होतं.

"आपण काही मागितलेलं नाही हं," संग्रामच्या आई, अहिल्याबाई, तिसऱ्यांदा म्हणाल्या. "त्यांनीच विचारलं, काय करू म्हणून. मी म्हटलं, आम्हाला काही नको. मुलांना एक बरी गाडी असली की झालं. सेडान घ्या नाहीतर एसयूव्ही, तुमची हौस."

हुंडा हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. इतकी शिकलेली माणसं तो उच्चारतील कशी? त्यांनी फक्त दोन पर्याय दिले होते. तिसरा, म्हणजे काहीच न देण्याचा पर्याय, तेवढा कोणी सुचवला नव्हता. खरं तर अहिल्याबाईंच्या पोटात दुखत होतं ते दिवाळीपासून. त्यांची मैत्रीण प्रीता हिच्या मुलाला सासऱ्यांनी एसयूव्ही दिली होती आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला प्रीताने ती बरोब्बर हॉलच्या दाराशी लावायला लावली होती.

गॅसपाशी पोह्यांचा दुसरा घाणा परतत उभी होती नेत्रा, या घरातली थोरली सून. सकाळपासून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. अकरा वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिच्या अण्णांनी, परभणीच्या एका शाळेतल्या प्रयोगशाळा सहायकाने, जावयाला घड्याळ आणि विहिणीला साडी दिली होती. तेव्हापासून आल्यागेल्याला अहिल्याबाई सांगत, "आम्ही हिच्या घरून काही घेतलं नाही हो." त्या हे अशा सुरात सांगत की ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं, द्यायला काही नव्हतंच. नेत्राने या देशात येऊन नोकरी धरली, नवऱ्याच्या, सिद्धेशच्या, बरोबरीने घर उभं केलं, सासू-सासऱ्यांना बोलावून घेतलं. पण ती रिकाम्या हाताने आलेली सूनच राहिली. आणि आता धाकटी सून म्हणून ही उर्वी येणार, व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये वाढलेली, तोंडात धड मराठी नाही, आणि येणार ती रेशमी फीत बांधलेल्या गाडीच्या मागून.

"नेत्रा, तुझं काय मत?" सासरे मोरेश्वर यांनी विचारलं. ते मघापासून दोन्ही गाड्यांचे रिव्ह्यू मोठ्याने वाचत होते.

घरात तिचं मत सहसा कोणी विचारत नसे. तिने गॅस बारीक केला. सेडान उर्वीच्या वडिलांना कशीबशी झेपेल, एसयूव्ही मात्र बोचेल, हे तिला माहिती होतं. हे मनात येऊन तिला बरं वाटलं, याची तिला लाजही वाटली नाही.

"एसयूव्हीच बरी," ती म्हणाली. "आईंना सेडानमध्ये वाकून बसावं लागतं. गुडघे दुखतात त्यांचे."

अहिल्याबाईंचा चेहरा फुलला. "बघा, माझ्या गुडघ्यांचं हिच्याच लक्षात आलं," त्या म्हणाल्या. एवढं कौतुक नेत्राच्या वाट्याला अकरा वर्षांत आलं नव्हतं. नेत्राच्या नऊ वर्षांच्या मुलीने, इलाने, मात्र पोहे खाता खाता विचारलं, "व्हाय कान्ट संग्राम काका बाय हिज ओन कार? ही हॅज अ जॉब." सगळे हसले आणि तिला उत्तर कोणीच दिलं नाही.

बुधवारी लंच ब्रेकमध्ये नेत्राला फोन आला तो उर्वीच्या आईचा, पद्मिनीकाकूंचा. बाई अवघडलेल्या होत्या. इकडचं तिकडचं, हवा-पाणी झालं, साखरपुड्याच्या साड्या झाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"नेत्राताई, तुम्हाला म्हणून विचारते. एसयूव्हीऐवजी सेडान दिली तर तुमच्याकडे चालेल का? हे मार्चमध्ये रिटायर झाले होते, आता परत कॉन्ट्रॅक्टवर जॉइन झालेत. बायपासनंतर डॉक्टर नको म्हणतायत, पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, थोरलीच्या वडिलांनी परभणीला बसून गाडी दिली, मग आपण इथे राहून मागे कसं राहायचं?"

"कोणी गाडी दिली?"

"तुमच्या वडिलांनी. तुमच्या सासूबाईच म्हणाल्या ना. दोन्ही सुना सारख्या, धाकटीला कमीपणा नको, एवढंच त्यांचं म्हणणं."

नेत्रा ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होती, समोर तिची स्वतःची जुनी गाडी होती. तिचे हप्ते तिने आणि सिद्धेशने पाच वर्षं फेडले होते. सासूबाईंनी तिच्या घामाची गाडी अण्णांच्या नावावर चढवली होती आणि तोच दाखला देऊन दुसऱ्या बापाकडून गाडी काढत होत्या. तिला संताप यायला हवा होता. पण त्या आधी जे आलं ते वेगळंच होतं, आणि ते इथे सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. तिला आनंद झाला. हर्नडनमधल्या एका घरात ती गाडी घेऊन आलेली सून होती. तिथे तिच्याकडे कोणी त्या सुराने बघत नव्हतं, उलट तिची बरोबरी करायला लोक धडपडत होते. त्या उर्वीला एकदा तरी आपल्याकडे मान वर करून बघू दे, असं तिच्या मनात आलं.

"एसयूव्ही आईंना सोयीची पडेल, काकू," ती म्हणाली आणि मीटिंग आहे असं सांगून तिने फोन ठेवला. मीटिंग नव्हती. त्या बायपासचा विचार करत ती तशीच उन्हात उभी राहिली, पण तिने फोन काही परत लावला नाही.

साखरपुडा देवळाच्या हॉलमध्ये होता. हर्नडनची मंडळी आदल्या दिवशी विमानाने आली होती. नेत्रा ओटीची तबकं लावत होती, तेवढ्यात उर्वीचे वडील, शैलेंद्रकाका, तिच्याजवळ आले. कोट त्यांच्या अंगावर सैल झाला होता आणि चार पावलं चालूनही त्यांना दम लागला होता. त्यांनी खिशातून फोन काढला.

"नेत्राताई, तुमच्या वडिलांचा नंबर देता? तिकडे आता सकाळ झाली असेल. शाळेच्या पगारात मुलीसाठी एवढं करणारा माणूस, त्यांना आजच्या दिवशी नमस्कार करावा म्हणतो. मला फार धीर आला हो त्यांच्यामुळे."

नेत्राच्या हातातलं तबक तसंच राहिलं. तिला अण्णा दिसले, फोन कानाला लावून कौतुक ऐकणारे. आधी त्यांना काही कळणार नाही, मग सगळं कळेल. ते जसे होते तसे मुलीच्या सासरी सांगण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांना खोटी गाडी चिकटवली गेली, हे कळेल. आणि मुलीने ती चिकटू दिली, हेही.

"काका, माझ्या वडिलांनी गाडी दिली नव्हती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला आणि आसपासच्या माना वळल्या. "त्यांनी एक घड्याळ दिलं होतं. गाडी आम्ही दोघांनी आमच्या पगारातून घेतली."

"नेत्रा," अहिल्याबाई दोन पावलं पुढे आल्या, "हे घरी बोलता आलं असतं."

"घरी मला फक्त गाडी कुठली ते विचारलंत, आई." ती परत शैलेंद्रकाकांकडे वळली. आता थांबली असती तर पुन्हा कधी बोलली नसती. "आणि एसयूव्ही मीच सुचवली. आईंचे गुडघे हे निमित्त. उर्वीला गाडी मिळणार हे मला बघवत नव्हतं. तिच्यावर जळत होते मी, आणि त्याचा भार तुमच्यावर टाकला. काकूंनी तुमच्या तब्येतीचं सांगितलं, तरी मी गप्प बसले."

हिरवी पैठणी नेसलेली उर्वी उठून आली. हिला धड मराठी येत नाही असं नेत्रा इतके दिवस धरून चालली होती, पण उर्वीला सगळं कळलं होतं. तिने संग्रामला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आई हँडल करत होती ते, यार," संग्राम खाली बघत म्हणाला. "मी त्यात पडलो नाही."

"त्यात पडायला पाहिजे होतंस." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही मंडेला तो कॉन्ट्रॅक्ट सोडताय. सेडान नाही, एसयूव्ही नाही, काही नाही. संग्राम, रिंग आज नको. तू हर्नडनला ये, एकटा ये, आणि बाबांना तुझ्या तोंडाने सांग की तुला काही नको. देन वी विल टॉक."

शैलेंद्रकाका खुर्चीवर बसले. पद्मिनीकाकू त्यांना पाणी देताना रडत होत्या, पण त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल पडला होता. नेत्रा बघत राहिली. तिचा मत्सर गेला नव्हता. फक्त आता तिला हेवा वाटत होता तो उर्वीच्या त्या 'सेडान नाही, एसयूव्ही नाही, काही नाही' या वाक्याचा, जे स्वतःच्या लग्नात तिला सुचलंसुद्धा नव्हतं.

घरी परतताना सिद्धेश गाडी चालवत होता. तो म्हणाला, आई हर्नडनला फोनवर नेत्राच्या वडिलांनी गाडी दिल्याचं सांगत होती, ते त्याने एकदा ऐकलं होतं, उगाच वाद नको म्हणून तो बोलला नव्हता. वाद नको म्हणून गप्प बसणारी अशी माणसं प्रत्येक घरात असतात. गाड्या देणारा बाप एकटाच खचत नाही, त्याला खचवायला एवढ्या सगळ्यांचं गप्प बसणं लागतं.

घरात शिरताच अहिल्याबाई हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन बसल्या. मोरेश्वर त्यांच्या शेजारी बसले, सिद्धेश समोर बसला, संग्राम खिडकीपाशी उभा राहिला. समाजात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं काहीतरी अहिल्याबाई पुटपुटत होत्या. नेत्रा आतल्या खोलीत गेली आणि तिने परभणीला फोन लावला. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तिने स्वतःच अण्णांना सगळं सांगितलं. सासूबाईंचं खोटं सांगितलं आणि स्वतःचंही सांगितलं.

अण्णा हसले. "मी आणि गाडी? अगं, मला तर चालवताही येत नाही. मग तू काय सांगितलंस त्यांना?"

"नाही दिली म्हणून सांगितलं. सगळ्यांसमोर."

"बरं केलंस. पण मला एक सांग बाळा, मी गाडी दिली नाही, यात एवढं लपवण्यासारखं काय होतं?"

अकरा वर्षं ती ज्याच्या वतीने शरमत होती, त्या माणसाला शरम कधी वाटलीच नव्हती. नेत्राने डोळे पुसले. मग ती उठली, हॉलमध्ये आली, चौघांच्या मध्ये टेबलावर तिने फोन ठेवला आणि स्पीकर लावला.

"अण्णा," ती म्हणाली, "इथे सगळे आहेत. आत्ता मला जे विचारलंत ना, तेच यांना विचारा."