ओळंबा थांबेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे आणि माझा धंदा लटकण्याचा आहे. गवंडी मला दोरीला बांधून भिंतीलगत सोडतो, मी सरळ खाली लोंबतो आणि भिंत सरळ आहे की नाही ते सांगतो. एवढीच माझी कर्तबगारी. नुसते लटकून इतका मान मिळवणारे जगात फार नाहीत.

माझा आधीचा जन्म धावपळीचा होता. तेव्हा मी पाणबुडी मोटारीचा दांडा होतो आणि विहिरीच्या तळाशी दिवसभर गरगर फिरत असे. कुठे पोचलो म्हणाल, तर तिथेच. मोटार जळाली, मी भंगारात गेलो. अंबाजोगाईच्या एका लेथवाल्याने मला कापले, तासले आणि डोक्याला भोक पाडले. भोक पाडताना दुखले. पण त्यानंतर डोक्यात फारसे काही राहिले नाही, त्यामुळे स्वभाव शांत झाला.

मला विकत घेतले तलवाड्याच्या बंकट मिस्त्रींनी. त्यांचा हात सोन्याचा, डोके मात्र सुरुंगाचे. कुणी "मिस्त्री, जरा..." एवढे म्हणायचा अवकाश, की थापी आणि घमेले पोत्यात भरून ते घरी निघत. तलवाड्यात शेजारच्या परमेश्वरची न्हाणी कित्येक वर्षे तीनच भिंतींची होती. चौथ्या बाजूला खताच्या पोत्यांचा पडदा. वारा सुटला की परमेश्वर आतून मोठ्याने खाकरत असे. गावात बंकटरावांना 'पाऊण मिस्त्री' म्हणत. तोंडावर नाही. एकदा रागात त्यांनी मला फेकले, तेव्हा माझ्या बुडाचा टवका उडाला. ती खाच अजून आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीच्या, मंजुषाच्या, सासरी केजला एक खोली बांधायची निघाली. मंजुषा कपडे शिवते. तिची मशीन चुलीजवळ होती आणि गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना फोडणीचा वास यायचा. मशीनसाठी खोली बापानेच बांधावी असे ठरले. निघताना मिस्त्रींच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, बजावले, "हितं चालतंय तुमचं. तितं अर्धं टाकून आलाव, तर लेकीला जलमभर ऐकावं लागंल. ध्यानात ठिवा."

मिस्त्रींनी मान हलवली. हलणाऱ्या गोष्टींवर मी एकदम विश्वास ठेवत नाही.

अडचण होती व्याह्यांची. मोहनराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. निंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून ते कामावर नजर ठेवत. "ती वीट जरा मागं सरकवा की. मागं जागा हाय." चहा आला की आमचे मिस्त्री 'पाव्हणं' होत आणि चहा संपला की पुन्हा 'मिस्त्री'. लेकीच्या घरी पाव्हण्याने रागावू नये, अशी रीत आहे. मिस्त्री दिवसभर राग गिळत आणि चहाच्या घोटाबरोबर खाली ढकलत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहनराव म्हणाले, "माल पातळ झाला वाटतं."

सिमेंट-वाळूचा माल बरोबर होता. मिस्त्रींचे कान लाल झाले. त्याच तिरमिरीत त्यांनी मला भिंतीलगत सोडले. डावीकडे थांबावे की उजवीकडे, याचा मी अजून विचारच करत होतो, तोवर "बराबर हाय!" म्हणून मला उचलले. मित्रांनो, हलत्या ओळंब्याला विचारले तर तो कुणालाही होच म्हणतो.

दुपारपर्यंत आणखी चार थर चढले. मोहनरावांनी खुर्चीतून एक डोळा बारीक केला.

"मिस्त्री, भिंत झुकायलीय."

"खुर्ची झुकली आसंल तुमची!"

"का म्हून चिडताव? दिसलं ते बोललो."

"मग तुमीच बांधा!"

थापी पोत्यात पडली. घमेले पडले. मी मिस्त्रींच्या मुठीत होतो आणि मूठ वर चालली होती. मला बुडाची खाच आठवली.

तेवढ्यात मंजुषा चहा घेऊन आली. कपबश्या खाली ठेवून ती साध्या आवाजात म्हणाली, "अण्णा, जायचं तर जावा. पण आदी ओळंबा सोडून मामांना दावा. भिंत सरळ निघाली, तर मामांची खुर्ची मीच उचलून आत ठिवते."

सासऱ्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

मिस्त्रींनी मला सोडले. वारा होता, मी झुलू लागलो. मला हाताने धरून थांबवले, तर धरणाऱ्याच्या मनातलेच मी सांगतो, हे मिस्त्रींना ठाऊक होते. त्यामुळे कुणालाच काही करता येईना. तिघेही माझ्याकडे बघत राहिले. चहावर साय धरली. मी मुद्दाम उशीर केला नाही. दोनेक झोके जास्तीचे घेतले असतील.

झोके लहान होत गेले. मिस्त्रींचा श्वासही खाली बसला, कानांचा रंग उतरला. मी थांबलो, तेव्हा माझ्या आणि भिंतीच्या मधे अर्ध्या बोटाची फट होती.

मोहनरावांचे खरे निघाले होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच. त्यांचा स्वतःचाही विश्वास बसेना.

मिस्त्री फटीकडे बघत राहिले आणि एकदम हसले. "पाव्हणं, तुमचंच खरं हाय. सकाळी मी ह्याला थांबूच दिलं न्हाई." पोत्यातून थापी काढून त्यांनी चारही थर आपल्या हातांनी उतरवले. भांडणाची सगळी तयारी वाया गेल्यामुळे मोहनराव इतके गोंधळले, की खुर्ची सोडून विटा द्यायला लागले.

खोली चार भिंतींनिशी पुरी झाली. मोहनराव बोलायचे थांबले नाहीत, पण आता टोमणा आला की मिस्त्री खिशातून मला काढत, बोटावरून नुसतेच हवेत सोडत आणि मी थांबेपर्यंत बघत. मग उत्तर देत. बहुतेक वेळा तोवर द्यायला उत्तरच उरत नसे. परत गेल्यावर त्यांनी परमेश्वरची चौथी भिंतही बांधली. परमेश्वरचा खोकला बरा झाला.

त्या भिंतीला मात्र नवा ओळंबा होता. मला मंजुषाने मागून घेतले. मी आता तिच्या मशीनशेजारी खिळ्याला असतो. कुणी ब्लाउज घट्ट झाला म्हणून तणतणत आले, की ती मला बोटाने एक टिचकी देते आणि माझ्याकडे बघत ऐकून घेते. परवा मोहनरावांनीही कुणाला दिसणार नाही अशी टिचकी मारली. मी कुणाला सांगितलेले नाही. तुम्हीही सांगू नका.

मित्रांनो, कुठे जुना ओळंबा पडलेला दिसला, तर त्याला तेलाचे बोट लावा, दोरी बदला. आणि तो हलत असला, तर हाताने धरू नका. वारा मलाही लागतो, मी फक्त परत मधे येतो. त्याला वेळ लागतो तो फार नाही. चहावर साय धरते, तेवढाच.