बेतवेचा गाळ आणि माझी टिकटिक

टिक… टिक-टिक. दचकू नका मित्रांनो, हा माझा रामराम! मी एक जुना किरणमापक आहे. डोळ्यांना न दिसणारे किरण मला कळतात. ते जितके जास्त, तितकी माझी टिकटिक जलद.

कारखान्यातून निघालो तो थेट इंदूताईंच्या हाती पडलो. त्या दूरच्या एका अणुवीज केंद्राजवळ, नदीकाठी कामाला होत्या. केंद्रातून चुकून किरणोत्सारी कण पाण्यात गेलेच, तर ते तळाच्या बारीक गाळाला चिकटून बसतात. म्हणून आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे चिखल तुडवला. पुढे ताई निवृत्त होऊन झाशीला, प्रेम नगरात परतल्या आणि मी कपाटात गेलो. बोलक्याला मुकं बसणं फार जड जातं हो!

एका श्रावणात शेजारचे नीलकंठबुवा आले. बुवा कीर्तनकार. दरवर्षी नदीकाठच्या एरच गावाहून बेतवा नदीचा गाळ आणून इथल्या मराठी मंडळींचा गणपती स्वतः घडवायचे. पण कुठल्याशा नदीतल्या किरणोत्सारी गाळाची बातमी मोबाइलवर फिरली आणि सगळे बिथरले. यंदा मूर्ती बाजारातूनच, असं ठरू लागलं.

"इंदूताई, माझ्या बेतवेची परीक्षा घ्या," बुवा म्हणाले.

देवळाच्या दगडी ओट्यावर गाळाचा गोळा ठेवला, शेजारी मी. टिकटिकटिकटिक!

"अरे भैया, ये तो बोल रहा है!" म्हणत बघायला आलेला शेजारी जयसिंग उडी मारून ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

"बुवा, उचला ते आधी!" मराठी मंडळींतल्या कमलिनीबाई पदर सावरत ओरडल्या.

ताईंनी गोळा लाकडी पाटावर घेतला आणि मला त्याच्याजवळ धरलं. टिक… टिक… मी अगदी संथ. मग मला नुसत्या ओट्यावर टेकवलं. पुन्हा तीच धांदल!

"बोलतोय तो दगड," ताई हसल्या. "आणि जयसिंगजी पळून बसलेत त्याच्यावरच!"

जयसिंग टुणकन खाली.

"बसा हो खुशाल," ताई म्हणाल्या. "आपल्या बुंदेलखंडी दगडात एवढे किरण देवानेच घातलेत, त्यानं काही होत नाही. पण माझ्या या म्हाताऱ्या मापकाचा कान जाड आहे. बारीकसारीक त्याला ऐकू येत नाही. गाळ प्रयोगशाळेत पाठवते, मग ठरवू."

बुवांना अन्न गोड लागेना. अखेर ताईंना प्रयोगशाळेचा फोन आला: गाळात भिण्यासारखं काही नाही. बुवांनी उभ्या उभ्याच बाह्या सरसावल्या!

चतुर्थीच्या कीर्तनात त्यांनी मला चिपळ्यांशेजारी मांडलं. "मंडळी, हाही आपला टाळकरी. जेवढं आहे तेवढंच बोलतो, पदरचं घालत नाही." कपाटातली सगळी वर्षं मी त्या क्षणी विसरलो.

विसर्जनाला बेतवेचा गाळ बेतवेला परत गेला. ना रंग, ना प्लास्टर. मित्रांनो, एकच विनवणी. माझे संपलेले सेल वेळेवर काढा, नाहीतर ते गळून माझं पोट खातात. पण काढून नदीत मात्र भिरकावू नका हं. पुढच्या वर्षी बाप्पा त्याच गाळातून यायचे आहेत.