रांजणा, मामांना सांग

मी एक जुना रांजण आहे. पोटावर शेवाळ धरलंय, काठही झिजलाय. पण माझ्यातलं पाणी अजून गार असतं, हे मी जरा मिरवूनच सांगतो.

मित्रांनो, मला जगदेवप्पा कुंभाराने घडवलं. आतून गोटा धरून तो बाहेरून थापटणं मारायचा आणि सारा वेळ माझ्याशी कानडीत बोलायचा. भट्टीतून निघालो तेव्हा त्याने टिचकी मारून पाहिली आणि खणखणीत आवाज ऐकून मान डोलावली.

बीदरच्या या गल्लीत मला सुमनबाईंनी आणलं. गल्लीच्या तोंडाशी लाल दगडाचा कट्टा बांधून घेतला. पाणी वाढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, असं कुणीतरी सुचवलं. त्या ठसक्यात म्हणाल्या, "कामून? माझ्या मायच्या ओंजळीत लोकांनी लांबून पाणी वतलं. हितं ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं." आणि त्यांनी माझ्यावर घरचा तांब्या ठेवला.

मग काय, माझी चैन झाली. भाजीवाले, रिक्षावाले, शहराबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतले मजूर माझ्यापाशी टेकायचे आणि सुखदुःखाचं बोलायचे. पुढे घरोघरी फिल्टरचे जार आले. गल्लीतली माणसं माझ्याकडे बघेनाशी झाली, माझं झाकण सरळ करायलाही कुणी थांबेना. फार वाईट वाटायचं. सुमनबाई मात्र रोज सकाळी मला आतून घासून भरत राहिल्या.

या वर्षी गल्लीतल्याच हरिबा अप्पांच्या ओसरीवरून गॅसची भरलेली टाकी चोरीला गेली आणि खापर फुटलं माझ्यावर! रविवारी सकाळी सगळी गल्ली कट्ट्याभोवती जमली. हरिबा पहार घेऊनच आले होते.

"ह्या रांजणापायी कोण कुठला माणूस गल्लीत यायलाय," ते म्हणाले. "आधी ह्याला काढा. मग तोंडाला फाटक बसवा."

"आपली गल्ली मायेची हाय, अप्पा," शेजारचे हणमंतप्पा चाचरत म्हणाले.

"मायेनं टाकी राखली का?"

हरिबांनी पहार उचलली. सुमनबाई माझ्या शेजारी कट्ट्यावर मांडी घालून बसल्या. "मी उठणार न्हाई. आधी मला हलवा, मग रांजण."

तेव्हा हरिबांची सून विजयश्री पुढे आली. ती कोळारला औषधाच्या कारखान्यात कामाला जाते. त्यांच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं झालं तर चुलीला सांगते, नाहीतर मांजराला, आणि सासरे ते ऐकतात. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या काठावर हात ठेवला.

"रांजणा, मामांना सांग. दिवेलागणीला मी बसमधून उतरून पल्याडच्या गल्लीतून येते. तिथं फाटक हाय, क्यामेरे हायत, पण सगळी दारं बंद. गेल्या महिन्यात तिथं एक माणूस माझ्या मागं लागला. हाक मारावी तर एक खिडकी उघडी नव्हती. मी पळत हितं आले. हितं चार माणसं पाणी पीत व्हती. त्यांना बघून त्यो माघारी वळला. घरात बोलले न्हाई. नोकरी सोडायला लावतील म्हणून भ्याले."

हरिबांचा चेहरा पार उतरला. त्यांनी पहार भिंतीला टेकवली आणि तेही माझ्याकडेच बघून बोलले, "रांजणा, हिला इचार, म्हातारा इतका वाईट हाय का?"

म्हातारा जवळ आला. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं.

"इजू, नोकरी सोडायची न्हाई."

"व्हय, मामा," ती म्हणाली. त्या दोघांचं हे पहिलं थेट बोलणं मी ऐकलं.

टाकी अजून सापडलेली नाही. फाटकाचा वादही मिटलेला नाही. हरिबा अजून अधूनमधून त्याचा विषय काढतात. पण दिवेलागणीला ते स्वतः कट्ट्यावर येऊन बसतात आणि मजुरांना तांब्या भरून देतात.

मित्रांनो, मी मातीचा, कधीतरी फुटणारच. तेव्हा माझ्या जागी दुसरा रांजण बसवा आणि रोज भरा. पण एक करा. तुमच्या घरच्या लेकीसुनेला तिची भीती सांगण्यासाठी मातीच्या भांड्यापाशी यावं लागू देऊ नका.