राऊच्या अलीकडचा बिबट्या

तुकोजींनी अंगठ्याचं नख टायरच्या रबरात रुतवलं, काढलं, आणि खूण भरून यायला किती वेळ लागतो ते बघत उकिडवे बसले. दुकानाबाहेर इंदूरच्या सियागंजाच्या रस्त्यावर श्रावणाची झिमझिम चालली होती.

"हा नको. दगड आहे नुसता. पाच वर्षं चालेल, पण ओल्यात माणसाला सोडून देईल."

दुकानदार दिनानाथजींनी कपाळाला हात लावला. "तुकोजीसाहब, चौथा आहे हा! टायर बघताय का सून?"

"सून एकदा हो म्हणाली की झालं. टायरला दर वळणावर विचारावं लागतं."

गजानन खो खो हसला. मोटरसायकल त्याची होती, जुनीच, पण घेतली तेव्हापासून तो ती दिवसातून दोनदा पुसत होता. औषधांच्या कंपनीत एजंट म्हणून लागला होता आणि सोमवारपासून इंदूर ते धार, भर पावसात, रोज. त्याची बहीण भानुमती दुकानाच्या पायरीवर मिटलेली छत्री घेऊन उभी होती. तुकोजींची ती सून. तिचा नवरा शाम जाऊनही आता सहा वर्षं होत आली. टायर घ्यायचे ठरले तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "टायर मामंजीच निवडतील." का, ते तुकोजींनी विचारलं नव्हतं.

निवडण्यात त्यांचा हात धरणारा गावात नव्हता. होळकरांच्या मोटारखान्यात तीस वर्षं गेलेली. संस्थान गेलं, मध्य भारत आलं आणि गेलं, मध्य प्रदेश होऊन पाच वर्षं झाली, तरी तुकोजींच्या बोलण्यात मोटारखाना अजून चालूच होता. एका जेठात म्हणे उन्हानं डांबर इतकं पाघळलं, की सरकारांची गाडी महूला पोचली ती निम्मी सडक चाकांना गुंडाळून. ती सोडवून तिथंच अंथरली, म्हणून महूची सडक इंदूरपेक्षा रुंद! ऐकणारा हसला की तुकोजी अगदी गंभीर होत आणि सडक किती हात रुंद, तेही सांगत.

पाचवा टायर त्यांनी ओल्या फरशीवर दाबून ओढला. टायर कुरकुरला, पण सरकला नाही.

"हा बोलतो बघा. पुढच्या चाकाला हा, लांब धारींचा, उभ्या खाचांचा, म्हणजे पाणी फाटून बाजूला जातं. मागच्याला चौकटींचा. अन् रबर ना दगड, ना लोणी. आपल्याकडे फार मऊ घेतलं तर उन्हाळा खाऊन टाकतो, फार कडक घेतलं तर पावसाळा पाडतो."

"भाऊजींच्या मोटरसायकलला असेच होते का काका?" गजाननानं सहज विचारलं.

तुकोजींनी फरशीवरचं पाणी तळव्यानं पुसल्यासारखं केलं. "त्याचे चांगलेच होते. बिबट्यापुढे टायर काय करणार?"

बिबट्या साऱ्या गल्लीला ठाऊक होता. दसऱ्याच्या सकाळी, घरापासून दीड मैलावर, महूच्या सडकेवर, राऊच्या बऱ्याच अलीकडच्या वळणावर तो शामच्या आडवा आला होता. त्या बाजूला कोणी कधी कोल्हासुद्धा पाहिलेला नव्हता, पण बाप सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? दरसाल दसरा आला की बिबट्याची शेपूट हातभर वाढायची.

तासाभरात टायर चढले. दिनानाथजी आतून एक वाटी आणि फडकं घेऊन आले.

"अब थोडी चमक, भिया. आमच्याकडून फुकट." आणि त्यांनी काळं तेल पुढच्या टायरवर चोपडायला घेतलं, आधी कडेला, मग धारींवर.

"पुसा ते."

"अहो साहब, नये टायर, थोडी शान..."

"पुसा म्हणतो ना!"

दिनानाथजींचा हात थांबला. तुकोजी उठून उभे राहिले होते.

"मोटारखान्यात आम्ही दसऱ्याला टायरला एरंडेल अन् काजळी लावायचो. सगळ्या टायरला. जमिनीला टेकतो त्या भागालाही. मिरवणुकीत गाड्या माणसाच्या चालीनं चालायच्या, कोण घसरणार? शामची गाडीही मी तशीच केली. आरशासारखी. पूजा झाली, तो निघाला, आणि हस्ताचा पाऊस आला." त्यांनी श्वास घेतला. "बिबट्या नव्हता."

बाहेरून एक तांगा खडखडत गेला. दिनानाथजींनी गजाननाकडे पाहिलं, मग समजुतीनं हसले.

"एवढ्यासाठी नवी गोष्ट कशाला, साहब? नाही लावत, जाने दो."

गजाननही ओशाळून हसला. "काका, बिबट्याच बरा होता."

नळाखालचा साबणाचा तुकडा घेऊन तुकोजी चाकापाशी बसले आणि धारीत बोट घालून घालून तेल काढू लागले. थोड्या वेळानं पलीकडून दुसरा हात आला. भानुमतीनं छत्री भिंतीला टेकवली होती, पदर खोचला होता. दोघांनी मिळून चाक तीनदा धुतलं.

गजानन एक चक्कर मारून येतो म्हणून गेला. दिनानाथजी नवीन गिऱ्हाइकाकडे वळले. सासरा-सून पायरीवर राहिले.

"त्या दसऱ्याला वाटी मीच आणून दिली होती, मामंजी."

तुकोजींनी मान वळवली नाही.

"स्वयंपाकघरातून. तुम्ही म्हणालात, अजून थोडं घाल. मी घातलं."

एवढ्या वर्षांत तुकोजींना अंगण आठवलं होतं, गाडी आठवली होती, चाकावर पडलेलं ऊनही आठवलं होतं. वाटी कोणी आणली हे एकदाही आठवलं नव्हतं. आणि दरसाल ते बिबट्या सांगायला बसले की ही दाराशी येऊन उभी राहायची, ऐकून संपेपर्यंत हलायची नाही, तेही आत्ताच आठवलं.

"मग तू कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही बिबट्या सांगितलात ना."

तुकोजी पावसाकडे बघत म्हणाले, "आता नाही सांगत. संपला तो."

"नको," भानुमती म्हणाली. "असू द्या त्याला."

गजानन परतला तो भरधाव, आणि दुकानासमोर त्यानं मुद्दाम कचकन ब्रेक लावला. ओल्या रस्त्यावर गाडी जागच्या जागी थांबली.

"क्या बात है काका! जमीन सोडत नाही!" दोघं चाकाकडे बघेचनात, तेव्हा तो चपापला. मघाच्या हसण्याची त्याला लाज वाटली असावी. गाडीवर बसल्या बसल्याच त्यानं म्हाताऱ्याला खूश करायला विचारलं, "काका, त्या बिबट्याची शेपूट केवढी होती म्हणालात?"

तुकोजींनी सवयीनं दोन्ही हात पसरले. नखांत काळं भरलेलं होतं. पण माप काही ठरेना.

भानुमतीनं आपला काळा हात त्यांच्या हातापलीकडे, पार पायरीच्या टोकापर्यंत नेला.

"इथपर्यंत," ती म्हणाली.