अकरा मिनिटे, वीस सेकंद

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. चावी देऊन चालणारे, पोलादी पाठीचे, तळहातात मावेल एवढे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या फोनमध्ये माझे एखादे नातवंड असेलच. ते म्हणे सेकंदाचे शंभर तुकडे करते. करू दे. मी पाचच करते, पण मन लावून करते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली, आणि ती नीट बसेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता. मग तीन दिवस मला उताणे, पालथे आणि कुशीवर ठेवून तपासले. माझी एक खोड आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे तिच्यावरच अडणार आहे. माझा मोठा काटा सेकंद मोजतो आणि आतल्या लहान चकतीतला काटा मिनिटे मोजतो. पण तो तीसपर्यंतच मोजतो. तीस झाली की शून्यावरून पुन्हा निघतो, जणू काही झालेच नाही.

एका शाळेने मला घेतले आणि खेळाच्या सरांच्या गळ्यात अडकवले. तिथे मी एकवीस वर्षे काढली. मैदानातली धूळ खाल्ली, एकदा अडथळ्याच्या शर्यतीत आपटून कडेला पोचा पाडून घेतला. सर वेळेच्या बाबतीत भारी कडक. "साधारण चौदा सेकंद" म्हटलेले त्यांना खपत नसे. एका वर्षी त्यांनी सख्ख्या मुलीला सेकंदाच्या पाचव्या भागाने दुसरा नंबर दिला. ती दोन दिवस बापाशी बोलली नाही. सरही हटले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला. पुढे शाळेत बटणांची नवी घड्याळे आली, सर निवृत्त झाले आणि त्यांच्यासोबत मलाही घरी पाठवून देण्यात आले.

घरी माझ्या वाट्याला अंडी उकडणे आले, आणि काकू आल्या. काकू म्हणजे सरांची बायको. सगळा शेजार त्यांना काकू म्हणतो, म्हणून मीही म्हणते. काकू मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. दिवसभर बोलून घरी आल्या की बहिणीला फोन लावायच्या. सर गुपचूप माझे बटण दाबायचे. तीस मिनिटे उलटून काटा परत निघाला की घरात त्याला "फेरी" म्हणत. "आज दीड फेरी," सर मोठ्याने जाहीर करायचे, आणि काकू फोनवर हात ठेवून म्हणायच्या, "मोजा, मोजा, तुम्हाला दुसरं काम काय?"

मग काकूही निवृत्त झाल्या. बहीण गेली. ओळखीच्या बायका मुलांकडे राहायला लांब गेल्या. काकूंचा गुडघा धरला, जिना नको वाटू लागला. बोलणे आटत आटत "जेवायला वाढलंय" एवढ्यावर आले. दोन वर्षांत सरांनी एकदाही फेरी मोजली नाही, कारण मोजायला काही नव्हतेच. मी टेबलाच्या खणात पडून होते. चावी न मिळाल्यामुळे पोटातले तेल घट्ट होत चालले होते. त्या दिवसांत मला माझ्यापेक्षा काकूंची जास्त काळजी वाटायची.

अशात घरमालकांनी घर परत मागितले. सरांनी ठरवले, आता स्वतःचे घर, तळमजल्यावर, अखेरचे. शहराच्या कडेला दोन वसाहती होत्या, मध्ये फक्त एक अरुंद रस्ता. वरची वसाहत नवी, रस्ते रुंद, फाटके सगळी एका रंगाची. खालची जुनी, कुंपणाच्या भिंती कंबरेएवढ्या, रस्ता जरा वाकडातिकडा. दोन्हीकडे एकेक घर मिळत होते, खोल्या तेवढ्याच, किंमतही जवळजवळ सारखी. लांब राहणारी मुलगी फोनवर म्हणाली, वरचीच घ्या. एजंटला रविवारी उत्तर हवे होते. सर अडले, आणि सर अडले की खण उघडतो.

"आपण वादच नको घालायला," ते म्हणाले. "दोन्ही घरांपासून दवाखान्यापर्यंत वेळ लावू. कमी वेळ ज्याची, ते घर."

त्यांनी मला चावी दिली. किती बरे वाटले म्हणून सांगू! सर स्वतः तरातरा चालून आले. वरच्या घरापासून सहा मिनिटे दहा सेकंद, खालच्यापासून साडेसात. वही उघडून ते निकाल लिहिणार, एवढ्यात गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या काकू बोलल्या. त्या दिवसातले त्यांचे ते पहिलेच वाक्य असावे.

"दवाखान्यात जायचंय कुणाला? गुडघा माझा आहे. वेळ माझी लावा."

सरांनी वही मिटली. एकवीस वर्षे वेळा घेतलेल्या माणसाने चुकीचा धावपटू उभा केला होता.

रविवारी सकाळी काकू आधी वरच्या वसाहतीतून निघाल्या. सर नियमाप्रमाणे दहा पावले मागे, कारण वेळ घेणाऱ्याने धावणाऱ्याशी बोलायचे नसते. पदपथ सुरेख होता. वाटेत एक फाटक उघडले, काचा वर केलेली गाडी बाहेर पडली, फाटक मिटले. बाकी चिटपाखरू नाही. बारा मिनिटे चाळीस सेकंद. सर म्हणाले, "शाबास." काकूंनी गुडघा चोळला.

मग खालची. तिसऱ्याच घरी झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंनी पाइप बाजूला धरला आणि गुडघ्याची चौकशी केली. दोन मिनिटे गेली. पुढे खिडकीशी मशीन घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने विचारले, कोणाकडे आलात? काकूंनी सांगितले, घर बघतोय. त्याचे मशीन थांबले.

"बाई, तुम्ही हॉस्पिटलात फोनवर होतात का?" तो म्हणाला. "माझी बायको तिथे तीन महिने होती. मी रोज दुकानातून फोन करायचो. तुम्ही दर वेळी म्हणायचात, लाइन सोडू नका, मी आहे."

काकू त्या कंबरेएवढ्या भिंतीवर टेकल्या. पाइपवाल्या बाईही आल्या. कोणीतरी खुर्ची आणली. काकू बोलू लागल्या. आधी अडखळत, मग धो धो. सरांनी लांबून मनगटावर बोट आपटून खुणावले. काकूंनी पाहिलेसुद्धा नाही. माझा छोटा काटा तीसवर आला आणि शून्यावरून पुन्हा निघाला. सरांचा अंगठा माझ्या बटणावर होता. पण त्यांनी दाबले नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी अगदी जवळून पाहिले.

काकू दवाखान्याच्या दारात पोचल्या तेव्हा बटण दाबले गेले. माझ्या तोंडावर काय होते? अकरा मिनिटे, वीस सेकंद.

सरांनी वहीत तेच लिहिले, नेहमीच्या ठसठशीत अक्षरात. एजंटला फोन केला. मग मुलीला. "खालची जिंकली. एक मिनिट वीस सेकंदांनी."

"बाबा, नक्की?"

"मी कधी वेळ चुकीची सांगितली आहे का?"

त्यावर तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. काकू मात्र शेजारी उभ्या होत्या.

"अहो, फेरी धरली नाहीत तुम्ही."

"घड्याळात नाही ती," सर म्हणाले. "मी घड्याळात आहे तेवढंच लिहितो."

मित्रांनो, मी खोटे बोलले का? मला तसे वाटत नाही. आयुष्यभर मी कमी वेळेलाच शाबासकी मिळताना पाहिली. जास्त वेळ जिंकावी असे मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटले.

आता मी खालच्या वसाहतीतल्या घरात दाराजवळच्या खिळ्याला असते. तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे जुने घड्याळ खणात पडले असेल, तर त्याला रोज थोडी चावी द्या. फार आवळू नका. आणि घरात कोणी हळूहळू गप्प होत चालले असेल, तर त्याच्याकडेही लक्ष असू द्या, कारण तेल आतल्या आत सुकते आणि बाहेरून काहीच कळत नाही. माझी एवढीच विनंती आहे.

आता तुमचा निरोप घेते. काकू "दोन मिनिटांत येते" म्हणून बाहेर पडल्या आहेत, आणि सरांनी मला खिळ्यावरून काढले आहे. तिसरी फेरी चालू आहे.