चकतीवरची खाच

घाणीचं मला वावडं नाही. दहा वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकतेय. ग्रीस, गंज, लोकांनी सीटखाली विसरलेले डबे, सगळं काढलंय. हात धुतले की संपलं. मला शिसारी येते ती झाकलेल्या घाणीची. वरून कीर्तन, आतून तमाशा असलं काही समोर आलं की माझं डोकं फिरतं.

ती पांढरी गाडी नर्सबाईंची. सकाळी ड्यूटीवर जाता जाता त्या ती गॅरेजात सोडून गेल्या. "डाव्या दाराखालची प्लास्टिकची पट्टी खडखडते. दारही नीट लागत नाही हल्ली. पाचला बाबांना डायलिसिसला न्यायचंय, ते त्याच दाराने बसतात. तेवढं बघाल?"

"पाचला घेऊन जा," मी म्हटलं. पट्टी बदलायची म्हणजे तासाभराचं काम.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा घेत बसले होते. गॅरेज त्यांचं, नाव त्यांचं, आणि मला घडवलंही त्यांनीच. माझ्या नवऱ्याला हातोडीचा आवाज सोसत नाही. तो ऑफिसात गेला आणि हातोडी माझ्या हाती आली. एरवी मामंजी प्रत्येक गाडीभोवती दोन फेऱ्या मारून दहा चुका काढतात. त्या दिवशी मात्र जागचे हलले नाहीत.

"पट्टी कशाला काढतेस सूनबाई? वरूनच दोन रिव्हेट जास्तीचे मार. खडखड थांबेल."

"जुने ढिले झालेत मामंजी. काढायलाच हवेत."

"बघ बाई," म्हणाले आणि कपात बघत राहिले.

पट्टीला बारा रिव्हेट होते. रिव्हेट काढायचा म्हणजे आधी त्याच्या मधली बारीक सळी पंचने आत ठोकायची, मग ड्रिलने डोकं उडवायचं. पहिल्याच दिवशी मामंजींनी मला शिकवलं होतं, "पत्रा धड असला की रिव्हेट हट्ट धरतो. पत्रा सडला की नुसता गरगर फिरतो. रिव्हेटावरून गाडी ओळखायची."

मागचे तीन भलतेच हट्टी निघाले. कुणीतरी चक्क लोखंडी रिव्हेट मारले होते, आणि ते गंजून पत्र्याशी एकजीव झाले होते. ड्रिलची दोन पाती मोडली. "कुठल्या करंट्याने केलंय हे!" मी मोठ्यांदा ओरडले. मामंजींना ठसका लागला.

चौथ्यापासून उलटं सुरू झालं. ड्रिल फिरलं की रिव्हेटही फिरे. तो फिरू नये म्हणून डोक्याखाली चपटा स्क्रेपर सरकवला, त्यावर गुडघा टेकवला, ड्रिल अगदी सावकाश चालवलं. रिव्हेट कापला जाईना, प्लास्टिक मात्र वितळून नाकात जाऊ लागलं. एकेकाने पंधरा पंधरा मिनिटं खाल्ली. सातवा मी वैतागून पकडीने ओढला, तर तो पत्र्याच्या तुकड्यासकट हातात आला आणि भोकातून तपकिरी पाणी थेट माझ्या बाहीत शिरलं. कुजलेल्या पोत्याचा वास आला.

उरलेले ओढूनच निघाले. पट्टी खाली पडली.

दाराखाली पत्र्याची जी पोकळ पेटी असते तिला मी गाडीचा उंबरा म्हणते. दार त्यावर विसावतं, सीटचा भार त्यावर येतो, बाजूने कुणी धडक दिली तर आतल्या माणसाला तोच राखतो. इथे उंबरा नव्हताच. गोणपाट कोंबलं होतं, त्यावर लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, बोटभर जाड थापली होती आणि लांबीवर छान काळा रंग दिला होता. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. गोणपाटात उंदराने संसार थाटला होता. मेलेली दोन पिल्लं तिथेच सुकली होती. आणि या सगळ्याच्या वर त्या आजारी माणसाची सीट. आठवड्यातून तीनदा तो या पोत्यावर बसून जात होता.

मी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. तरी वास जाईना. परत येऊन पाहिलं, तर जमिनीवर पडलेल्या रिव्हेटांच्या डोक्यांना काळं काहीतरी चिकटलं होतं. एक सोलून काढलं. सायकलच्या ट्यूबची गोल चकती.

रिव्हेटाखाली ट्यूबची चकती घालायची, म्हणजे पट्टी वाजत नाही. ही पद्धत आमच्या गॅरेजची. दुसरं कुणी एवढा खटाटोप करत नाही. चकत्या कापायचा मामंजींचा जुना पंच आहे. त्याच्या धारेचा एक टवका उडालाय, म्हणून प्रत्येक चकतीला एका अंगाला बारीक खाच पडते. या चकतीलाही होती. दुसरीलाही. मी बाराच्या बारा सोलून पाहिल्या.

"मामंजी," मी म्हटलं, "गाडी आत आली तेव्हाच ओळखलीत ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आधीच्या मालकाला विकायची होती. वरून बरी दिसली पाहिजे म्हणाला. सगळेच करतात, पोरी."

"मला शिकवताना हे नाही सांगितलंत."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. नवी पट्टी लाव आणि दे. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला कळणार आहे?"

याच माणसाच्या मी सकाळी उठून पाया पडायचे. त्यांनी उष्टावलेला कपसुद्धा मला त्या क्षणी बघवेना.

पाचला नर्सबाई आल्या. बाहेर टॅक्सी थांबलेली. "झाली?"

"नाही," मी म्हटलं. "ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. बाबांना टॅक्सीनेच न्या. मामंजी, तुम्हीच दाखवा यांना." आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला.

मामंजी गुडघ्यावर बसले. उजेड त्या पोत्यावर पडला. नर्सबाईंनी पदर नाकाला लावला. रोज जखमा धुणारी बाई ती.

"कुणा अडाण्याचं काम आहे," मामंजी म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. "असली माणसं धंद्याला काळिमा फासतात."

"आधीच तुमच्याकडे यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव ऐकून होते."

एरवी मी गप्प राहिले असते की काय, माझं मलाच माहीत नाही. पण ते ऐकलं मात्र, मी फळीवरून पंच काढला, ट्यूबचा तुकडा ठोकळ्यावर ठेवला, एक घाव घातला. ताजी चकती आणि गाडीतून निघालेली चकती बाईंच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. खाच दाखवली. समजायला त्यांना वेळ लागला नाही.

त्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी पोत्याकडे बघत होते.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही यांच्याच हाताखाली शिकलात?"

"हो."

"मग तुम्ही लावलेल्या पट्ट्यांखाली काय असतं?"

"पत्रा."

"हे यांनीही सांगितलं असतं."

दहा वर्षांत मला इतकं कुणी बोललं नव्हतं, आणि चूक त्या बाईची नव्हती. शेजारी लाल गाडी उभी होती. तिचा उंबरा मी स्वतः नवा जोडला होता, पट्टी कालच बसवली होती, मालक उद्या यायचा होता. पट्टीखालचं दाखवायला मी ड्रिल उचललं आणि तिच्या दाराशी बसले. सळी आत ठोकली, पातं टेकवलं, सगळा भार टाकला. रिव्हेट फिरला नाही. पात्याने कीस काढला, धूर निघाला, तरी डोकं काही उडेना. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. नर्सबाई वाकून बघत उभ्या होत्या.

"हट्टी आहे," त्या म्हणाल्या.

मामंजींनी सवयीने स्क्रेपर पुढे केला. मी तो घेतला नाही.